कानाच्या पाळीइतकं मऊ

सकाळी साडेसहाला दार उघडते
तर घरभर ओरेगानोचा आणि करपलेल्या चीजचा वास.
रात्रभर इस्पितळाच्या धुलाईखान्यात
परक्यांच्या चादरींच्या घड्या घालून आलेय,
नाक क्लोरीनने बधिर,
तरी हा वास आत शिरतो. विचारत नाही.

बाहेर रोसारिओचा जुलै. आमच्याकडे जुलै म्हणजे
नदीवरून येणारा, बोटांची पेरं कापणारा वारा.

कागद टेबलावरच आहे. गॅसच्या बिलाच्या पाठीवर
काल मीच खरडलेला, कोटाची एक बाही घालून:
मैदा अर्धा किलो.
यीस्ट, बोटाच्या पेराएवढं.
पाणी कोमट, लागेल तसं.
मीठ, अंदाजाने.
ओव्हन खूप तापू दे, चीज शेवटी.
आणि खाली दोन रेघा मारून: सोपं आहे.

‘लागेल तसं’भोवती रुबेनने पेन्सिलीने गोल काढलाय,
पुढे प्रश्नचिन्ह.
एकवीस वर्षं फ्रिजच्या कारखान्यात
दारांच्या फटी मिलिमीटरने मोजणारा माणूस,
मार्चपासून घरी.
त्याला अंदाज कुठल्या पट्टीवर दाखवू?

रात्री त्याचा फोन आला होता.
यंत्रं घरघरत होती, सुपरवायझर घड्याळाकडे बघत होती.
“पीठ किती मऊ हवं?”
“कानाच्या पाळीइतकं!” मी ओरडले आणि ठेवला.
एलेओनोरा हसली, म्हणाली,
वीस वर्षांच्या संसारात हे असलं कोण बोलतं फोनवर?

आता पोरांच्या खोलीत डोकावते.
लाउतारो तोंड उघडं टाकून झोपलाय,
डाव्या कानावर पीठ.
कुत्र्याचाही एक कान पांढरा.
आणि आयलेन,
तेरा वर्षांची, महिनाभर बापाशी
हो-नाहीपलीकडे न बोललेली,
तिच्या कानातल्या रिंगेला
वाळलेल्या पिठाचा एक कण चिकटलेला.
म्हणजे तो म्हणाला असणार, बघू जरा.
म्हणजे तिने केस मागे सारले असणार.

ओट्यावर चीजचं वेष्टन. पाव किलो, चांगल्यातलं.
म्हणजे दोन्या फेलिसाच्या दुकानात तो स्वतः गेला.
तिच्या वहीत आमचं पान पाठपोट भरलंय,
म्हणून तीन महिने तो
वाट वाकडी करून घरी यायचा.
काय म्हणाला असेल तिला?
बहुतेक काहीच नाही. टोपी काढली असेल.

बूट काढून आमच्या खोलीत जाते.
तो पलंगाच्या पार कडेला, भिंतीला नाक लावून,
जणू मधे कुणी आजारी माणूस निजलंय.
माझ्या बाजूला गादीत एक गोल खळगा,
चादरीवर पिठाचं पांढरं कडं,
माझा जांभळा स्वेटर वेटोळं करून ठेवलेला,
शेजारी गरम पाण्याची पिशवी, आता गार.

हां.
स्वयंपाकघराच्या गारठ्यात पीठ फुगेना,
तेव्हा त्याने पातेलं उचललं
आणि माझ्या जागी, माझ्याच पांघरुणात
तासभर निजवलं.

मी बसत नाही तिथे. लगेच नाही.

ओव्हनमध्ये बशीखाली एक तुकडा आहे.
कड कोळसा, मध्यभागी कच्चट,
चीज सगळं एका कोपऱ्यात घसरून गोठलेलं,
उतारावरच्या चिखलासारखं.
मीठ नाही. चिमूटभरही नाही.
चौघांपैकी कुणीच कुणाला सांगितलं नसणार,
कुत्रा धरून.

उभ्यानेच खाते. कडेचा कोळसासुद्धा.

मग बिल उलटून बघते: मुदत शुक्रवारीच संपली.
पुन्हा उलटते. पेन्सिल शोधते.
‘अंदाजाने’ खोडून वर लिहिते,
चमचे दोन, सपाट.
पाण्यापुढचं प्रश्नचिन्ह पुसायला जाते
तर ते आधीच अर्धवट पुसलेलं,
ओल्या अंगठ्याने.