हळदीचा हात

एकतीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडतीवर
मी रेघा मारल्या. उभ्या, तांबड्या शाईच्या.
मग दुकानात कॉम्प्युटर आला
आणि मी, शेठच्या शब्दांत, आराम करायला मोकळा झालो.

आता मंगळवार-शुक्रवार मिरजेला,
कृष्णाघाटाच्या रस्त्याला, रत्नमाला कुंभारच्या पडवीत
पोत्यावर बसतो.
वयानं माझ्या लेकीएवढी. मला दिवाणजी म्हणते.
पहिल्याच दिवशी हातातला ब्रश काढून घेतला.

"आधी गालाला लावा मडकं. काय लागतंय?"
गार.
"गार म्हंजे अजून ओलं, थांबायचं.
काहीच लागंना झालं की उशीर झाला.
मधल्या वेळात काय ते काढायचं."

मधला वेळ.
माझ्या खतावणीत असा रकाना नव्हता.

बाभळीच्या काट्यानं रेघ ओढली, तर
दोन्ही काठांना मातीची कुसळं उभी राहिली.
घाईनं पुसायला गेलो, रेघच बुजली.
"असू द्या की. वाळली की फुंकरीनं जात्यात."
सुंभ दाबला तो उलटा गुंडाळून;
गळ्याभोवतीचा पीळ अर्ध्यात फिरला,
तो तसाच ठेवला तिनं. का, ते सांगितलं नाही.

काव फडक्यातून गाळलेली.
किती दाट? सायीपेक्षा पातळ, ताकापेक्षा घट्ट.
मी वहीत लिहून घेतलं. ती हसली.
तिच्यामागं भिंतीवर पुराची रेघ होती, छातीएवढी,
कितीदा चुना दिला तरी वर येणारी.
"नदीनं दिलेला हात. बघा, कुठं ओघळ हाय का?"

घोटायला गोटा दिला, नदीतलाच.
एका अंगानं झिजलेला.
अंगठा आपोआप त्या खळग्यात जाऊन बसला.
माझ्याआधी तिथं कुणाचा तरी अंगठा होता,
माझ्याहून बारीक.

पानांची ओळ काढत मी मडकं फिरवत गेलो.
शेवटच्या आणि पहिल्या पानात दीड बोट जागा उरली.
"दिवाणजी, तुम्ही काढत न्हाई, हिशोब लिहिता.
वही संपते. मडकं संपत न्हाई, परत येतंय.
ही शिल्लक आता कुठं ठेवणार?"
मी तिथं एक किडा काढला.
तेवढ्यावर दोघंही गप्प झालो.

मग एका शुक्रवारी खिशातून पुडी काढली.
राजापुरी, पोत्याच्या तळाची.
पाण्यात कालवली,
आणि घोटून आरशासारख्या झालेल्या मडक्यावर
हळदीचं पान काढलं, लांब, शिरांसकट.
असा पिवळा रंग तिच्या एकाही वाटीत नव्हता.
रत्नमालानं बघितलं. काही बोलली नाही.
शेणी रचल्या, वर उसाचं पाचट,
माझं मडकं स्वतःच्या हातानं मधोमध ठेवलं.

तिसऱ्या दिवशी राख बाजूला सारली.
काव होती. पिवडीसुद्धा होती, तांबडी होऊन.
हळद नव्हती.

"झाडाचं जळतं, मातीचं ऱ्हातं," ती म्हणाली.
आधी का नाही सांगितलंस?
"तुम्ही वहीत लिहून घेतलं असतं."

राग आला. मडकं उचलून उंबऱ्याशी नेलं,
उन्हात तिरकं धरलं ते तडा आहे का बघायला.
तर चकाकीच्या आत पान होतं.
रंग नाही, नुसती एक मंद जागा,
ओल्या ब्रशनं जिथं जिथं घोट मोडला होता तिथं.
जरा हललो की नाहीसं होई.
ती शेजारी येऊन उभी राहिली.
बोटानं मधली शीर चाचपली.
पुन्हा एकदा चाचपली.
"परत करून दाखवा."

शनिवारच्या बाजारात ते मडकं गेलं.
गिऱ्हाईक म्हणालं, डाग आहे; दहा रुपये कमी केले.
सत्तरातले पस्तीस तिनं माझ्या हातावर ठेवले.

मंगळवारी नवं मडकं गालाला लावलं, थांबलो,
घोटलं.
आणि वाटीत नुसतं पाणी घेतलं.