टोपली

लिफ्ट बसली तेव्हा
पहिला वर गेला तो गव्हाचा कट्टा.
चौकसे मिस्त्री म्हणाला, "भाभीजी, पहले आप."
मी म्हटलं, आधी वजन जाऊ दे,
माणसांचं नंतर बघू.
शरबती, पन्नास किलो,
कुरकुर न करता गच्चीवर पोचला.
दरसाल ह्याच्यासाठी दोन पोरं बोलवावी लागत,
वर त्यांना चहा, चहासोबत शेव.

मग सिलिंडर गेलं. मग कूलर.
मग गाद्या, तीन वर्षं उन्हाला मुकलेल्या.
मग मी,
उजवा गुडघा हाताने धरून, सवयीने,
जणू तोच मला वर नेणार होता.

सुदामानगरातला आमचा प्लॉट पंधरा बाय पन्नास.
घराला रुंद होता येईना, म्हणून ते उंच झालं.
खाली कुमुद वन्सं आणि त्यांचं फॉल-पिकोचं मशीन,
मध्ये स्वयंपाकघर, त्यावर आम्ही,
आमच्यावर गच्ची.
जिना अठ्ठेचाळीस पायऱ्यांचा.
वन्संचा डावा पाय लहानपणीच तापात गेला;
त्यांच्या कॅलिपरला तिसरी पायरीसुद्धा मान्य नव्हती.

म्हणून टोपली होती.
साड्यांच्या कापलेल्या काठांची दोरी, त्यांनीच वळलेली,
जिन्याच्या पोकळीतून खाली-वर, खाली-वर:
निवडलेली कोथिंबीर, किल्ल्या, वाटीभर कढी,
लग्नपत्रिका, थर्मामीटर,
एकदा तर शेजाऱ्यांच्या मांजरीचं पिल्लू.
कढी सोडली की मी वरून ओरडायचे, "पोचली का?"
खालून यायचं, "मीठ कमी आहे!"

आता वन्सं स्वतःच येतात.
अकराला, नेमक्या फोडणीच्या वेळी
दार सरकतं आणि आधी काठी दिसते.
डाळ चाखतात.
चादरी कशा वाळत घालाव्यात ते सांगतात.
दिगंबरांशी माझं चाललेलं असतं ते अर्ध्यावर थांबतं,
कारण निवाडा देणारं कोर्ट
वीस सेकंदांत हजर होतं.
फायदे विचाराल तर हा एक धरा.
आणि हाही, की लाइट गेली तरी बॅटरीवर
ती हळूच खाली उतरते,
माणसाला मध्येच टाकत नाही.
टोपलीत आता कपड्यांचे चिमटे असतात.

पण एक हिशेब मला जमत नाही.
घर बांधून अकरा वर्षं झाली.
अकरा वर्षांत कुणाच्या तोंडून लिफ्ट हा शब्द निघाला नाही,
माझ्याही नाही.
गेल्या दिवाळीत माझा गुडघा सुजला
आणि आठ दिवसांत मुलाने कंपनीचा माणूस बोलावला.
वन्संनी तेव्हा एवढंच विचारलं,
"खड्डा माझ्या खोलीत घेणार ना?
मशीन सरकवून ठेवते."

परवा रात्री, जेवणं झाल्यावर,
लिफ्ट वर गेली ती खाली येईना.
मी बटण दाबत राहिले,
मग जिन्यानेच चढले, गुडघा-बिडघा विसरून.
गच्चीचं दार उघडं. लिफ्टच्या दारात काठी आडवी,
बंद होऊ नये म्हणून.
वन्सं उलट्या बादलीवर बसलेल्या,
वाळवणाच्या गव्हात एक पाय लांब करून.
बिजासनच्या बाजूला एक विमान उतरत होतं,
दिवे लावून, घाई नसल्यासारखं.

"हे सव्वानऊचं," त्या म्हणाल्या.
"रोज माझ्या खिडकीची काच हलवतं.
आवाजावरून मला वाटायचं,
उतरताना बिचारं घाबरत असेल.
बघ तर, किती निवांत आहे."

मला काहीतरी बोलायचं होतं.
अकरा वर्षं, असं काहीतरी.
ते घशातून वर येईना,
त्याला कुठलंच बटण नव्हतं.
मी गहू बाजूला सारला, जमिनीवर बसले.
विचारलं, "पुढचं कधी?"
"दहाला दहा कमी."

खालून दिगंबर हाका मारत होते,
लिफ्ट कुणी अडवलीय म्हणून.
आम्ही दोघींनी ओ दिली नाही.