अकरावी पायरी

सव्वीस तारीख म्हणजे आमच्याकडे शेंगोळे.
हुलग्याचं पीठ, लसूण, तिखट, चिमूटभर ओवा,
वळायला दोन हात
आणि रस्सा दाटेपर्यंत पुरेल एवढा गॅस.
एकोणचाळीस झाले. चौघांत दहा, दहा, दहा,
माझे नऊ; पण तळाचा रस्सा माझा, त्यावर बोलायचं नाही.

हे मार्केट यार्डातनं आले, सायकल हातात धरून, चालत.
मागं कुत्री. पिवळीधमक.
सौद्याच्या हळदीत लोळून लोळून
कानापासनं शेपटीपर्यंत नवरीसारखी माखलेली.
"आजच्या रात्रीपुरती," म्हणाले.
मी म्हटलं, तुमच्या भावानं कपाटही असंच ठेवलंय,
आजच्या रात्रीपुरतं,
थोरली बालवाडीत होती तेव्हापासनं.

मोरीत बसवून पाणी घातलं.
पहिली बादली पिवळी, दुसरी पिवळी.
मुल्लाणी भाभी दारातनं डोकावल्या:
"नवरा कुठाय मग?"
तिसऱ्या बादलीखालनं निघाली
साधी राखाडी कुत्री
आणि गळ्याभोवती एक रेघ,
तिच्यावर केस नाहीत. दोरीची.
मी बोटानं चोळून बघितली, हळद असेल म्हणून.
ह्यांनी टॉवेल दिला. माझा.

नाव हळकुंड ठेवलं. पोरांनी त्याचं हळू केलं.
हळू म्हटलं की पळत सुटते.

झोपायला पोतं टाकलं जिन्याखाली,
चपलांशेजारी, वाऱ्याला आडोसा.
रात्री बघते तर पोतं रिकामं
आणि ही जिन्यात, मध्येच,
पायरीभर जागेत अंग दुमडून.
खाली आणली. परत वर.
पोतं पहिल्या पायरीवर ठेवलं, मग पाचव्या, मग आठव्या.
भाकरीचा तुकडा ठेवला. तुकडा खाल्ला, वर गेली.
घरमालक चौगुले अण्णा म्हणाले,
"भाडं कोण भरतं, तुम्ही का ती?
जिना मोकळा पाहिजे."
पोरांनी मोजलं. रोज अकरावी.
दहावीवर बसवली तर बसते,
पण डोळे मिटत नाहीत तिचे.

रविवारी अण्णा स्वतः निघाले तंबी द्यायला.
गुडघे दुखतात त्यांचे. नवव्या पायरीवरच टेकले,
दम खात, भिंतीला हात लावून,
आणि हात कुठं लागलाय ते बघून गप्प झाले.
तिथं निळ्या ऑइलपेंटची रेघ आहे,
त्यांच्याच हातची, वाकडी. खाली महापुराचं साल.
कृष्णा इथवर आली होती.
दहावी बुडाली, अकरावी कोरडी राहिली.

"ती काय त्या साली इथं होती का?
योगायोग," हे म्हणाले.
मी काही म्हटलं नाही.
दर दिवाळीला ती रेघ मी फडक्यानं पुसून बघते.
अण्णा कठडा धरून उठले.
दोन पायऱ्या उतरले, थांबले.
"जिना तसा रुंदच आहे," म्हणाले.

पंधरवड्यानं हे हरभट रोडवरनं पट्टा घेऊन आले,
लाल, घुंगरू लावलेला, एकशे ऐंशीचा.
मी दुसऱ्या दिवशी जाऊन परत केला.
दुकानदार पैसे देईना.
म्हणून वाटी घेतली, स्टीलची, बुडाला रबर;
पायरीवरनं घसरत नाही.

मग पुढची सव्वीस.
तिखट-लसूण पडायच्या आधी
मूठभर पीठ बाजूला भिजवलं.
सगळे मिळून बेचाळीस झाले.
वाटीत सहा, फुंकून गार केलेले.
पोरांना दहा-दहा, मला नऊ.
ह्यांना सात.
आणली कोणी?