जेवणघरासाठी

फाउस्तोनं ते रविवारच्या जुन्या बाजारातून आणलं
कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळून, काखेत मारून.
"केवढ्याला पडलं?"
"स्वस्तात," म्हणाला.
म्हणजे महागात.

कागद सुटला, तर आत
एक निळी सुरई, तिला एकच कान.
दोन लिंबं, एक वांगं,
लाल फडक्यावर मासा, चेहरा समोरून
आणि अंग बाजूनं.
टेबल तर असं कललेलं
की माझा हात आपसूक पुढे झाला,
लिंबू पडेल म्हणून.

"सावली कधी हिरवी असते का रे?"
"लिंबाची असते."
चाळीस वर्षं लोकांचे फ्रीज दुरुस्त केलेला हा माणूस,
गॅस कुठून गळतो ते नुसत्या कानानं सांगणारा.
रंगाबद्दल इतकं ठाम बोलताना
मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.
लग्नातल्या माझ्या झग्याचा रंग विचारा,
सांगता येणार नाही त्याला.

खिळा हातात घेऊन आम्ही आठवडाभर घर फिरलो.
निजायच्या खोलीत मासा रात्री टक लावून बघायचा.
पॅसेजमध्ये उजेड नाही.
स्वयंपाकघरात वाफ, तेल,
आणि खरी लिंबं शेजारी ठेवली
तर तीच बिचारी फिक्की दिसायची.
वरच्या मजल्यावरची ब्रिहिदा आली, माते पीत उभी राहिली,
"मुलांनी काढलंय का?" म्हणाली.
मग बराच वेळ गेलीच नाही.
भांड्यातलं पाणी निवलं तिच्या.

शेवटी मी ते पालथं केलं, धूळ पुसायला,
तर मागच्या लाकडावर पेन्सिलीनं,
बारीक, घाईतलं अक्षर:
*जेवणघरासाठी.*
ना नाव, ना साल.

आम्हाला जेवणघर नाही.
कधीच नव्हतं.
बत्तीस वर्षं आम्ही ओट्याशी जेवलो,
तो भिंतीकडे तोंड करून,
मी गॅसकडे.
पोरं होती तेव्हा पाळीपाळीनं.
पोरं गेली तरी पाळी तशीच राहिली,
आधी तो, मग मी,
उभ्याउभ्याच कधी कधी.

जुलैचा वारा नदीवरून खिडक्या हलवत होता.
(नदीच ती, पण पलीकडचा काठ दिसत नाही
म्हणून आम्ही तिला समुद्र म्हणतो.)
बाहेर सगळं राखेच्या रंगाचं,
पाणी, आभाळ, बसस्टॉपवरची माणसं.

मी काही बोलले नाही.
टीव्ही उचलून त्याच्या कपाटावर ठेवला.
तो बघत राहिला.
मग बाल्कनीत गेला,
तिथे बारा वर्षं पेंटचे डबे अंगावर घेऊन उभं असलेलं
आईकडचं टेबल
एकट्यानं ओढत आणू लागला.
दारात अडकलं. पाय काढावे लागले.
पाय परत बसवताना एक आखूड भरला,
त्याखाली विजेच्या बिलाची घडी.

त्या रात्री भोपळ्याचं सूप होतं आणि पाव.
काही विशेष नाही.
पण समोरासमोर बसलो तेव्हा कळलं,
की हा घास गिळताना डोळे मिटतो,
डावी भुवई पांढरी झालीय, उजवी नाही.
"काय बघतेस?"
"चित्र," मी म्हटलं.
चित्र त्याच्या मागं होतं, म्हणून खपून गेलं.

खरं तर ते वाकडं लागलं होतं.
इतकं नेमकं वाकडं
की आतलं कललेलं टेबल सरळ दिसत होतं,
लिंबं शहाण्यासारखी जागच्या जागी.
दोन दिवस मी सोसलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं,
"नीट कर ते."
त्यानं खुर्चीवर चढून बोटानं कोपरा ढकलला,
एक डोळा मिटून मागं सरला,
पुन्हा ढकलला.

लिंबं परत घसरायला लागली.
आम्ही जेवायला बसलो.