नवं दरपत्रक

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी ऑस्टेलरांचं पत्र आलं.
दरवर्षीचाच करडा कागद,
खाली रोस्विताची तिरपी सही,
आणि मधे, चढणीवरच्या रीसलिंगपुढे,
एकोणीसच्या जागी चौतीस.

मी चष्मा पुसला. चौतीसच.

संध्याकाळी गेर्लिंडेच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघं जमलो,
कुणी गेल्यासारखे.
वेन्डेलिनने पत्र उलटंपालटं करून पाहिलं,
जणू मागच्या बाजूला जुना आकडा असेल.
"भाव खायला लागली पोरगी," तो म्हणाला.
"बाप होता तोवर सहाला मिळायची,
वर आजी पाव आणि सॉसेज वाढायची,
रिकाम्या बाटल्या परत नेल्या
तर एक जास्तीची, गुपचूप, डिकीत."
ओट्टोकारने वहीत मांडलं:
बारा गुणिले चौतीस, पेन्शन, गॅसचं बिल.
रेघ मारली
आणि खाली उत्तर लिहिलंच नाही.

मोझेलच्या त्या कड्यावर पायाखाली सगळी पाटीच,
शाळेत थुंकी लावून पुसायचो तीच, काळी.
पावसात ती घसरत नदीकडे जाते.
दर हिवाळ्यात रोस्विता
पाठीवर लादून ती पुन्हा वर नेते.
गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यात स्टील बसवलं.
हे गेर्लिंडेने सांगितलं, बटाटे किसता किसता.
मग बराच वेळ नुसती किसणीच बोलत होती.

मीही गप्प होतो, कारण
बोभाटा कुणी केला ते मला आठवत होतं.
मेव्हण्याला मी सांगितलं.
दातांच्या डॉक्टरला सांगितलं, तोंडात कापूस असताना.
रेल्वेत समोर बसलेल्या कोपनहेगनच्या माणसाला
मीच म्हणालो, अहो, इतकी स्वस्त, आणि अशी!
त्याने नाव लिहून घेतलं.
किती बरं वाटलं होतं तेव्हा,
वेल जणू मीच लावली होती.
आता त्याच्या गावात ती
बोटभर ओततात, तेवीस युरोंना.
जिभेला हाड नसतं म्हणतात.
किंमत असते.

"माझ्याकडे दोन हजार तीनची एक आहे," ओट्टोकार म्हणाला.
सहाला घेतलेली. त्याने चौकशी केली होती:
लिलावात एकशे ऐंशी.
म्हणून तर गेल्या नाताळात उघडली नाही,
बायको होती तेव्हा.
कुणी काही बोललं नाही.
तो कोट न घालताच रस्ता ओलांडून गेला
आणि बाटली घेऊन आला,
काखेत, पावासारखी.

बूच अर्ध्यात तुटलं.
चहाच्या गाळणीतून ओतली.
सांगायला लाज वाटते,
पहिल्या घोटाला मी जिभेवर भागाकार केला:
हा नऊ युरोंचा. हा बारा.
चव लागलीच नाही.
दुसऱ्यालाही हिशेबच.
मग तव्यावरून धिरडी उतरली,
सफरचंदाचा मुरंबा टेबलावर सांडला,
वेन्डेलिन आजीची नक्कल करू लागला,
छातीशी पाव धरून ती कशी कापायची,
अजून एक, अजून एक,
सुरी गळ्याच्या दिशेने,
आणि तिसऱ्या घोटात, न बोलावता,
आला तो वास,
नुकत्याच पुसलेल्या ओल्या पाटीचा,
वर्ग सुरू व्हायच्या आधीचा.

ओट्टोकारने रिकामी बाटली विसळली
आणि घरी नेली.

रात्री मी मागणीचा कागद भरला.
बाराच्या जागी तीन लिहिलं. खोडलं. चार.
खाली लिहिणार होतो,
आता परवडत नाही, रोस्विता.
लिहिलं, गुडघा कसा आहे?
आणि, तळघरात तुमच्या एकोणतीस रिकाम्या पडल्यात.
आणू का?