वास गेला का

पांचाळांनी एका फळीवर चार पट्ट्या ओढल्या
आणि खाली पेन्सिलने आकडे घातले.
नावं नाहीत.
"नाव वाचलं की नाक खोटं बोलतं," म्हणाले.

ठाकूरद्वारच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर
दोन खोल्यांमधली भिंत म्हणजे उभ्या सागवानी फळ्या.
बहात्तर. झोप लागत नसे तेव्हा मोजल्यात.
आधीच्या भाडेकरूचा हिरवा ऑइलपेंट,
त्याखाली निळा, त्याखाली डांबरासारखं काहीतरी.
खरवडत होते तेव्हा मी बहिणीकडे राहिले,
धुळीचं निमित्त सांगून.
परतले तर भिंत भाजलेल्या रव्याच्या रंगाची,
उघडी, जराशी लाजलेली.

दीर म्हणाले, पीयू मारा, काचेसारखी चमकेल.
तीच एक नंबरची पट्टी होती.
तासाभरात माझ्या कपाळात खिळा.
फळी गॅलरीत नेऊन ठेवावी लागली.

पांचाळांना त्याचं काही नाही.
चाळीस वर्षं नागदेवीतून डबे आणले,
थिनरने त्यांचं नाक नेलं, हप्त्याहप्त्याने.
आता आमटी लागली तर बायको ओरडते
तेव्हा त्यांना कळतं.

म्हणून रोज सकाळी येऊन
ते पट्टीला हाताची मागची बाजू लावायचे
आणि मला विचारायचे,
वास गेला का?

तीनचा नाही गेला. जवसाचं तेल आणि मधमाश्यांचं मेण,
वास चांगला, चटणीच्या जवळचा,
पण आठ दिवसांनीही बोट चिकटत होतं.
त्याच्या चिंध्या त्यांनी पाण्याच्या बादलीत बुडवल्या.
बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर
आपल्या आपण पेटतात, म्हणाले,
काही माणसं असतात तशा.

दोनचा गेला, एका रात्रीत.
स्पिरिटात विरघळवलेला चपडा:
संध्याकाळी सगळी खोली दवाखाना, सकाळी काहीच नाही.
"गोळ्यांवरही हाच असतो, पोटात गेला तरी चालतो.
पण आपल्या दमट हवेत रुसतो. पांढरा पडतो."
हे सांगताना त्यांचा आवाज
लाडक्या, वाया गेलेल्या पोराबद्दल बोलावा तसा.

आणि चार. पाण्यातलं.
लावताना दुधासारखं, वाळताना नाहीसं.
"याने लाकडाचे केस उभे राहतात,
पुन्हा कागद मारायचा.
शिवाय वासाशिवाय पॉलिश म्हणजे..."
इथे ते थांबले.
मीही खाली बघितलं.

नवव्या दिवशी मी विचारलं,
रात्रभर दार लावून या खोलीत झोपलं तर?
हे मी आधीही विचारलं होतं. दोनदा. तीनदा.
त्यांनी पॉलिशपेपरची घडी घातली.
"कितवा?"

घरात अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.
सासूबाईंनाही नाही.
तिसरा, मी म्हटलं.

"मग चार. आणि खालच्या तीन फुटांना एक हात जास्त,
पोरं भिंती चाटतात.
महिनाभर खिडक्या उघड्या, पंखा चालू.
वास येत नाही म्हणजे काही नाही, असं नसतं.
मला विचारा."

शेवटच्या दिवशी, बहात्तराव्या फळीपाशी,
सवयीने त्यांनी नाक टेकवलं.
मग बाजूला सरकून मला जागा दिली.
गेला, मी म्हटलं. लाकडाचा तेवढा येतोय.

"तो कसा असतो?"

मला पटकन सांगता येईना.
जुनी पेटी उघडल्यावर येतो तसा,
थोडा चामड्याचा, म्हटलं,
आणि शेवटी, अगदी शेवटी, मिऱ्यासारखा.

गावाकडची खुशाली कुणी सांगावी
तसं ते ऐकत राहिले.
मग डब्याचं झाकण बसवलं
आणि चारी बाजूंनी ठोकलं, हळू,
जणू पलीकडच्या खोलीत
कुणी झोपलंय.