सोमवारची बाटली

वेणूबाई विसपुते, वय एकोणतीस,
काम: घड्याळाच्या तबकड्यांवर आकडे काढणे.
दाबके मास्तरांनी वहीत एवढंच लिहिलं.
बाकीचं मी सांगतो.
मी तेव्हा प्रयोगशाळेत काचा पुसायचो.

अमळनेरात, स्टेशनच्या रस्त्याला, तिच्या दिराचं दुकान.
सुरतेच्या गाडीनं डबी यायची, करंगळीएवढी,
गल्लीत कुणी म्हणे हिऱ्याची पूड, कुणी म्हणे चांदण्याचा भुगा.
ती म्हणायची, "रंग शे, दुसरं काय!"
ओठांत धरून कुंचल्याला टोक, मग तीनचा आकडा,
पुन्हा ओठ, मग चार.
बारा आकडे, दोन काटे,
एका घड्याळाला चौदा वेळा जीभ.
गार्डांना अंधारात वेळ दिसू लागली.
एकदा धाकट्याला हसवायचं म्हणून
तिनं तो रंग दातांना लावला
आणि कंदील मालवला.

पहिले तेच दात गेले.
लवंग झाली, धुळ्याचा डॉक्टर झाला, उतारा झाला.
कळण्याची भाकर दुधात कुस्करली
तरी जबडा नको म्हणायचा.

मास्तर म्हणाले, हाड भोळं असतं.
त्याला हवा असतो चुना.
हे दारात येतं चुन्याचंच सोंग घेऊन,
हाड त्याला आत घेतं, जागा देतं,
मग बाहेर जा म्हणत नाही.

काचेच्या पेटीत सोन्याच्या वर्खाची दोन पानं.
विजेचा भार दिला की एकमेकांपासून फाकायची
आणि तशीच राहायची, तासन्‌तास,
कारण वैशाखातली हवा खडखडीत कोरडी.
आमचा उन्हाळा असा एकदा कुणाच्या कामी आला.

आधी माझा श्वास.
पानं जागची हलली नाहीत.
मला बरं वाटलं.
त्या बरं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही.

मग ती. पदर सावरून, नळी हातात घेऊन बसली.
"चूल फुंकतेस ना, तशी फुंक."
तिनं फुंकलं.
पानं मिटत गेली,
सांजेला चिंच आपला पाला मिटते तशी, सावकाश,
आवाज न करता.
मास्तर घड्याळ बघत होते.
घड्याळ तिच्याच दुकानातलं होतं.

बाटलीला बूच, बुचावर मेण, मेणावर वार: सोमवार.
"हाऊ सास माले परत भेटी का, मास्तर?"
मास्तरांना अहिराणी येत नव्हती.
मला येत होती.
मी काच पुसत राहिलो.

कुंकवाच्या डबीतून तिनं एक दात आणला होता.
काळ्या कागदात गुंडाळलेल्या प्लेटवर
तो रात्रभर ठेवला. ना दिवा, ना कॅमेरा.
सकाळी प्लेट धुतली, तर दातानं
स्वतःचा फोटो काढून ठेवलेला,
मुळांसकट.

गुरुवारी ती गेली.
बोरीला पाणी नव्हतं, राख वाळूतच राहिली,
मृगापर्यंत पोरं त्यावरून पलीकडे जात होती.
सोळाशे वर्षांनी निम्मं होतं म्हणे.
एवढा हिशेब मला झेपत नाही.
बाटलीतलं चार दिवसांत निम्मं होतं, तो झेपतो.

शुक्रवारी मास्तरांनी बूच काढलं नाही,
नळीची तोटी थोडी सैल केली, पुन्हा बंद केली.
तोंडाकडे ओढणी नेणाऱ्या बाईसारखी
पानं जवळ आली.
बाहेर जिनिंगचा भोंगा वाजत होता.
आम्ही दोघं एका मेलेल्या बाईच्या श्वासासमोर
टोप्या हातात धरून उभे.

पुढच्या नोंदी माझ्या अक्षरात आहेत, मास्तरांचा हात थरथरायचा.
शेवटची अशी:
अठरावा दिवस. दुपारी तीन.
पानं हलली. किंचित.